भिवराबाईचा अर्धा कोयता

भिवराबाईला एका जागी बसलेलं आमच्या गावात कुणी बघितलेलं नाही. जेवायचीसुद्धा ती चालत. हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि बाई अंगणभर फिरत घास मोडायची. बाजाराच्या दिवशी चौसाळ्याची जीप भरायला उशीर लागला तर ही सरळ पायी निघायची, मग जीप तिला वाटेत गाठायची. ड्रायव्हर म्हणायचा, "मावशे, बस की आता." ती म्हणायची, "तू चाल फुडं, मी आलेच."

अशा बाईवर यंदाच्या दिवाळीत मांडी घालून, डोळे मिटून बसायची पाळी आली.

तिची थोरली जाऊ साखराबाई भादव्यात वारली. ताप आला, छातीत गेला, बीडला नेली आणि तिथनं चादरीत गुंडाळूनच परत आणली. आता जाऊ मेली म्हणून जावेनं किती रडायचं, हे गावात ठरलेलंच असतं. नवऱ्याचं दुःख मोठं, लेकीचं मोठं, माहेरच्यांचं मोठं. जावेनं पहिल्या दिवशी रडून घ्यायचं आणि मग आल्यागेल्याला चहा ठेवायचा. भिवराबाईनं चहाच ठेवला. लोक यायचे ते साखराबाईच्या नवऱ्याजवळ, मोहनरावाजवळ ओट्यावर टेकायचे. लेक शिवकन्या पुण्याहून आलेली, बाया तिला गळ्यात घ्यायच्या. भिवराबाई आत-बाहेर करत कपबशा विसळायची. तिच्याजवळ कुणी टेकलं नाही. टेकणार तरी कसं, ती बसली तर ना!

पण या दोघी नुसत्या जावा नव्हत्या. दोघी मिळून एक कोयता होत्या.

आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळीत मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. भिवराबाईचा नवरा ऐन जवानीत साप चावून गेला. लेकरू नाही. पुढं मोहनराव उसानं भरलेल्या ट्रकवरून खाली आला, मांडीचं हाड गेलं आणि हातात कायमची काठी आली. म्हणजे एका घरात दोन अर्धे कोयते उरले. तेव्हा साखराबाई मुकादमासमोर उभी राहिली.

"आमी दोघी जावा एक कोयता. लिव्हून घे."

"दोन बाया?" मुकादम म्हणाला.

"तुला ऊस तुटल्याशी मतलब हाय का मिशीशी?"

तिथून पुढं साखराबाई तोडायची आणि भिवराबाई बांधायची. साखराबाईचा हात मोठा साफ. ऊस जमिनीसरशी सपकन उतरायचा, शेंड्याचं वाढं उडवून कांडी मागं पडायची. मागं भिवराबाई. ती उसाची हिरवी पानं घेऊन त्यांना पीळ द्यायची, बंध करायची आणि मोळी आवळायची. उसाच्या फडात बोलायला वेळ नसतो. सकाळी अंधारात कोयत्याचा आवाज सुरू झाला की भिवराबाई त्या आवाजाच्या मागं मागं चालायची, इतकंच. तिला वाटायचं आपण फार चपळ. खरं म्हणजे तो आवाज तिला चालवायचा.

साखराबाई गेली आणि तो आवाज बंद झाला. भिवराबाईचे पाय मात्र थांबेनात. शेतात जायची, बांधावरून परत यायची. विहिरीवर जायची, घागर तिथंच विसरून यायची. दोन ताटं वाढायची, मग एक उचलून ठेवायची. दोरीवर धुणं टाकताना म्हणायची, "आक्का, तिकडचं टोक धरा," आणि मग ओली गोधडी एकटीच ओढत राहायची.

दिवाळी जवळ आली तसं गावही हलायला लागलं. आमची दिवाळी अर्धी सणाची आणि अर्धी बांधाबांधीची. एकीकडं करंज्या, दुसरीकडं पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी. पाडवा झाला की ट्रॅक्टर भरायचे. भिवराबाईनं कोयत्याला धार लावून आणली आणि मुकादमाच्या दारात जाऊन उभी राहिली. आता मुकादम अभिमन्यू. जुन्या मुकादमाचा पोरगा.

"मावशे, अर्धा कोयता मी कुडं घालू?" तो म्हणाला. "बाप्याचा अर्धा असता तर कुणाला बी जोडला असता. तुला कुणाच्या पाचटाच्या कोपीत जोडू? लोक मला जोड्यानं मारतील."

घरी मोहनराव म्हणाला, "जायचंच कावून आता? घरी बस. दोन भाकरी टाक. तुला बी व्हतंय, मला बी व्हतंय."

घरी बस. त्या बाईला तू विहिरीत उडी टाक म्हणलं असतं तर तिनं निदान पाण्याचा अंदाज घेतला असता. घरी बस हे तिला ऐकवेना. त्या घरात प्रत्येक वस्तूला साखराबाईचा हात लागलेला. सहा महिने गाव रिकामं होणार, गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री राहणार, आणि ही त्या घरात बसणार. मोहनरावासमोर तिनं पदर पुढं ओढला. थोरला दीर, डोईवरचा पदर सरकू न देता उभं राहायची सवय. ती झाडू घेऊन अंगणात गेली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं.

वसुबारसेला शिवकन्या पुण्याहून आली. ती तिथं एका कंपनीत पॅकिंगला आहे. आई गेल्यापासून तिची झोप उडाली होती, हातातनं खोकी पडायची. तिथल्या सुपरवायझर बाईनं तिला श्वासाकडं बघत बसायचं ध्यान शिकवलं. ती रोज सकाळी बसायची. आईची आठवण आली तर येऊ द्यायची. त्यानं झोप येऊ लागली होती.

चुलतीची दशा बघून ती म्हणाली, "काकू, तुमी बी बसा."

"बसून काय करू?"

"काई करायचं न्हाई. नुस्तं बसायचं. डोळे मिटायचे आन श्वास बगायचा."

"डोळे मिटल्यावर बगू कशानं?"

"आवं, म्हंजे ध्यान द्यायचं. आत चालला, भाईर आला."

"ते त्याचं त्यो करतोय की. त्याला कशाला राखण लागती? म्हैस हाय का ती?"

शिवकन्या हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसणं बघून भिवराबाई कबूल झाली. पहिल्या दिवशी बसली आणि उठली. म्हणाली, चुलीवर दूध आहे. चुलीवर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला मुंग्या आल्या, मग गुडघा दुखला, मग दारात कुणीतरी आलंय असं वाटलं. शिवकन्या म्हणाली, "उद्या मी फोनात गजर लावून ठिवते. टण्ण वाजंपर्यंत डोळे उघडायचे न्हाईत. काई बी आवाज येऊ द्या, कुणी हाक मारू द्या. आवाज येतोय, जातोय. आपण हालायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन."

आता गळ्याची आण घातल्यावर भिवराबाईचा इलाजच संपला.

दुसरा दिवस नरकचतुर्दशीचा. दुखाच्या घरात पहिल्या दिवाळीला उटणं नसतं, गोड नसतं. कढई तर घरच्या बाईनं चढवायचीच नसते. बाहेरची बाई येऊन पहिला घाणा काढील तेव्हाच त्या घरात तळण. सगळ्या गल्लीत शेवेचा वास दरवळत होता आणि या एका घराची चूल नुसत्या भाकरीची होती. शिवकन्येनं चुलतीला ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, डोकं धुतलं आणि केस वाळायला मोकळे सोडून तिला ओट्यावर पोत्यावर बसवलं. फोन लावून देवळीत ठेवला आणि स्वतः दूध आणायला मळ्याकडं गेली. मोहनराव पारावर गेला होता.

भिवराबाई बसली. श्वास आत गेला, बाहेर आला. मग मन सुटलं ते थेट फडात गेलं. थंडी, चिखल, पुढं साखराबाईची पाठ. शिवकन्येनं सांगितलं होतं, आठवण आली तर हाकलायची नाही. तिनं हाकललं नाही. मग श्वास जोरानं चालायला लागला. धड त्या कोयत्याच्या आवाजाबरोबर पुढं-मागं हलायला लागलं. आणि हात! हात पदराचं टोक घेऊन त्याला पीळ द्यायला लागले. बंध करायला लागले.

नेमकी त्याच वेळेला शेजारची छबुबाई ताटलीत चकल्या घेऊन आली. बघते तर काय, कधी न बसणारी बाई बसलेली. केस मोकळे. डोळे मिटलेले. अंग डोलतंय, श्वास भात्यासारखा चाललाय, हात काहीतरी पिळतायत. आणि दिवस कोणता, तर चतुर्दशीचा.

"आगं माय! भिवरीच्या अंगात आलं!"

छबुबाईनं ताटली तिथंच ठेवली आणि घरातनं हळद-कुंकू, निखारा, ऊद सगळं आणलं. देवळीत ऊद ठेवायला जागा हवी म्हणून तिथला फोन उचलून आत गोधड्यांखाली सरकवला. मग भिवराबाईच्या कपाळाला हळदीचा मळवट भरला आणि वर बोटभर कुंकू ओढलं. ओरडा ऐकून जमलेल्या बायांतली एक म्हणाली, "आगं रंडकी बाई हाय ती." छबुबाई म्हणाली, "वाऱ्याला कसलं आलंय रंडकीपण!"

भिवराबाईला सगळं ऐकू येत होतं. कपाळावर ओलं लागलं, धुरानं नाक भरलं. पण टण्ण वाजलं नव्हतं. गळ्याची आण. आवाज येतोय, जातोय. ती हलली नाही. म्हणून तर गल्लीची खात्री पटली, कारण हे एवढं सहन करणारी भिवराबाई गावाला माहीतच नव्हती.

"कोण हायेस तू?" छबुबाईनं हात जोडून विचारलं. "देवी हायेस का कोण हायेस?"

भिवराबाईचे हात पिळतच राहिले.

"हात बगा की तिचे," मागनं एक म्हातारी म्हणाली. "मोळी बांधू लालीय. साखरा हाय ती. साखरा आलीय."

ओट्याखालच्या बाया एक पाऊल मागं सरकल्या. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीनं विचारलं, "साखराबाई, माझी काळी शेरडी कुणी सोडून नेली गं?" दुसरीनं तिला दापलं, "तिला मेल्यावर तुझ्या शेरड्या राखायच्यात का?" एवढ्यात अभिमन्यू मुकादम गल्लीतून चालला होता, त्याला बायांनी ओढून आणलं. तो टोपी काढून लांबच उभा राहिला. "साखरामावशे, माझ्यावर राग धरू नको. मी हिला न्हाई मनलो, ते लोकांच्या तोंडाला भिऊन मनलो."

मग काठीचा आवाज आला. बायांनी वाट दिली.

भिवराबाईनं ती काठी ओळखली. डोईवर पदर नव्हता. इतक्या वर्षांत दिरासमोर एकदाही असं झालं नव्हतं. हात पदराकडं निघाले होते, ते तिनं मांडीवर दाबून धरले.

मोहनराव खालच्या पायरीवर टेकला. बराच वेळ काठीनं मातीत टोचत राहिला. मग म्हणाला, "साखरे... आलीस का?"

छबुबाईनं निखाऱ्यावर आणखी ऊद टाकला.

"तुझं काई अडकलंय का? सांग. जितेपणी मी तुझं कवा ऐकलं न्हाई. आता ऐकतो." त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. "घरात कढई चढवू का नको, ते सांग. आन ही भिवरी... ही एकटी कारखान्याला निघालीय. मी नको मनलो. तू काय मनतीस? तू मनशील तसं करतो. हे गाव साक्षी हाय."

आता बघा. भिवराबाईला फक्त दोन शब्द बोलायचे होते. जाऊंद्या तिला. साखराबाईचा आवाज तिला पाठ होता. ती कशी हुंकार द्यायची, "मोहनराव" म्हणताना नवऱ्याला कशी टोचायची, सगळं. समोर मुकादम टोपी हातात घेऊन उभा. दीर कबूल. गाव साक्षीला. मेलेल्या बाईचा शब्द कोण मोडणार? दोन शब्द, आणि पाडव्याला ती ट्रॅक्टरमध्ये.

तिनं तोंड उघडलंही. ओठ हलले. छबुबाई म्हणाली, "बोलतीय, बोलतीय!"

पण आधी तिनं आत बघितलं. खरंच बघितलं. इतके दिवस तिला साखराबाई कुठं ना कुठं असल्यासारखी वाटायची. मोरीच्या मागं, बांधाच्या पलीकडं, आत्ता दारात. म्हणून तर ती पळत होती. या ठिकाणाहून त्या ठिकाणी, ती निघून जायच्या आत पोचावं म्हणून. आता सगळं गाव म्हणत होतं की ती तुझ्यातच आहे. भिवराबाईनं श्वास आत घेतला, बाहेर सोडला. परत घेतला. आत कुणी नव्हतं. कोयत्याचा आवाजही थांबला होता. नुसता श्वास होता, आणि तो तिचा एकटीचा.

टण्ण काही वाजलं नव्हतं, तरी तिनं डोळे उघडले. पदर डोक्यावर घेतला.

"दादा, आक्का न्हाई आली," ती म्हणाली. "मी भिवरीच हाय."

"आगं वारं आधी असंच मनतंय," छबुबाई कुजबुजली.

"छबे, गप." भिवराबाईचा आवाज फाटला. "आक्का मेली. माझ्या हातानं तिला आंघोळ घातली मी. ती न्हाई येत. कुडूनच न्हाई येत ती आता."

आणि मग तिला रडू आलं. हुंदके वगैरे नाही. ती गुरासारखी ओरडली. पार पोटातनं. "आक्का, मला कुडं टाकलंस गं... तुझ्या मागं चालायची मला सवं... आता मी कुणाच्या मागं चालू..." हेल काढून, हळदीच्या मळवटानं, नाक-डोळे एक करून. मळवट गालावर वाहून आला. शेरडीवाली बाई आधी पुढं झाली आणि ओट्यावर तिच्याजवळ टेकली. मग म्हातारी टेकली. मग सगळ्याच बाया एकीमागं एक ओट्यावर चढल्या आणि बसल्या. भादव्यात जे बसणं राहिलं होतं, ते आत्ता झालं. अभिमन्यूनं टोपी परत घातली नाही.

शिवकन्या दुधाची किटली घेऊन आली तेव्हा ओट्यावर धूर, चकल्या, हळद आणि अर्धी गल्ली.

"हे काय चाललंय? टण्ण वाजलं का? फोन कुठंय माझा?"

छबुबाई खाली बघत म्हणाली, "ऊद लागंल मनून आत ठिवला व्हता, गोधड्यांखाली."

शिवकन्येनं किटली ठेवली आणि चुलतीच्या गळ्यात पडली. यावेळी चुलती जागची उठली नाही.

मोहनराव मात्र उठला. त्याचा चेहरा उतरला होता. खरं सांगायचं तर त्याला बायको आलेली हवी होती. तो जायला लागला तशी भिवराबाई नाक पुसत म्हणाली, "दादा, तुमी आक्काला इचारलं. मला कुणी इचारलंच न्हाई."

तो थांबला. "इचारतो. सांग."

"मला जायचंय. आक्का सांगो न सांगो, मी सांगू लाले. ह्या घरात मला सहा महिने बसवलं तर मी तुमाला बी जगू द्यायची न्हाई."

"ते दिसतंय," मोहनराव म्हणाला. "पर सोबत कोण?"

सगळ्यांनी अभिमन्यूकडं बघितलं, आणि अभिमन्यूनं आभाळाकडं. तेवढ्यात छबुबाईनं पिवळेजर्द हात पदराला पुसले.

"मी हाय की. माझा मालक फडात दोन कांड्या तोडतोय आन चार दिस पिऊन पडतोय. त्याच्यासंगं कोयता धरण्यापरीस हिच्यासंगं बरा. त्यो राहू दे हितं, मोहनदादाला भाकरी थापंल."

"दोन बाया?" अभिमन्यूच्या तोंडून निघून गेलं.

"आता पुना काढ तुझी मिशी मधी!" म्हातारी म्हणाली, आणि रडक्या तोंडांनी ओटा हसला.

त्याच दिवशी छबुबाईनं त्या घरात कढई चढवली. शेवेचा पहिला घाणा करपला, कारण तिचं अर्धं लक्ष भिवराबाईच्या डोळ्यांकडं होतं, परत मिटतात की काय म्हणून. मोहनरावानं करपलेली शेव मुकाट्यानं खाल्ली.

आता टोळी कारखान्यावर आहे. शिवकन्येचा फोन येतो. "काकू, बसता का?"

"बसते की. अंधारात, कोपीच्या भाईर. थोडं बसलं की तुझी आय येती, मंग जाती. मंग थंडी वाजती. मंग उठते."

हे खरं आहे, ती बसते. पण फार वेळ तिला आजही बसवत नाही. आणि फडात छबुबाईचा हात काही साखराबाईचा नाही. आवाज एकसारखा येत नाही, मध्येच थांबतो, मध्येच घाई करतो. बुडखा वीतभर वर राहतो. परवा भिवराबाई मागनं कडाडली, "छबे, बुडखा कावून लांब ठिवतीस? आक्का कशी जमिनीसरशी..."

छबुबाई कोयता खाली टेकवून वळली. "मंग तुझ्या आक्कालाच बोलीव जा."

भिवराबाईनं तोंड उघडलं, मिटलं. श्वास आत घेतला. बाहेर सोडला.

"ती न्हाई येत," म्हणाली. "वाकून तोड."

आणि पानांना पीळ देऊन तिनं मोळी आवळली.